झोप हा रोस्टरचा प्रश्न आहे

(इटारसी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



इटारसीसारख्या जंक्शनवर आपली मराठी मंडळी एका वेळी एका ठिकाणी जमवणे सोपे नाही. कुणी रनिंगवर, कुणी आर.एम.एस.च्या सेटवर, कुणी आत्ताच नाइट संपवून तोंडावर पाणी मारून आलेला. मागच्या रांगेत दोघे-तिघे डुलक्या घेताना आम्हाला इथून दिसत आहेत. त्यांना कुणी उठवू नका. आजचा विषय त्यांचाच आहे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. डॉक्टरकीतले आम्हाला कळत नाही. पण तीस वर्षांपेक्षा जास्त काळ रोस्टर, रेस्ट आणि चार्जशीट या तीन गोष्टींशी आमचा संबंध आला आहे. त्या अनुभवावरून कोरोनाच्या काळात इस्पितळातील कर्मचाऱ्यांच्या झोपेचे काय झाले, आणि त्यातून आपण काय शिकायचे, हे आज मांडायचे आहे. त्यात आमच्या संघटनेची एक चूक आहे. आधी ती सांगतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा अधिकार आम्हाला राहील.

एप्रिल २०२१, दुसरी लाट. आमच्या एका ट्रॅकमनची पत्नी कोविड वॉर्डात भरती होती. इस्पितळाचे नाव सांगत नाही, कारण जे तिथे झाले ते देशात हजार ठिकाणी झाले. रात्री साडेतीनला मुलाने काचेतून पाहिले. आईच्या खाटेजवळचे यंत्र वाजत होते आणि सिस्टर खुर्चीत बसल्या जागी झोपली होती. मुलाने दार वाजवले, सिस्टर दचकून उठली, तिने सिलिंडर बदलला. बाई पुढे बरी होऊन घरी आली. पण सकाळी मुलाचा फोन आला आणि आम्ही तापलो. त्याच दिवशी युनियनच्या लेटरहेडवर तक्रार दिली. "कर्तव्यात गंभीर कसूर, कडक कारवाई व्हावी." खाली आमची सही.

आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या एका सभासदासाठी त्याच इस्पितळात गेलो. तीच सिस्टर भेटली. तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. ड्यूटीचे रजिस्टर उघडून तिने आमच्यापुढे ठेवले. सलग अकरा रात्री. प्रत्येक रात्र बारा तासांची. वॉर्डात चाळीसच्या वर पेशंट आणि सिस्टर दोन. त्यांतली एक पॉझिटिव्ह येऊन घरी. मग ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या गेटमनला झोप लागली की तुम्ही पहिल्यांदा त्याचं रोस्टर मागता. माझं रोस्टर का नाही मागितलं?"

बंधूंनो, याला आमच्याकडे उत्तर नव्हते. गेटमन, केबिनमन, पॉइंट्समन झोपला म्हणून निघालेल्या कितीतरी चार्जशीटा आम्ही लढलो. प्रत्येक वेळी चौकशीत पहिला प्रश्न हाच विचारला की मागचे सात दिवस याची ड्यूटी काय होती, रिलिव्हर वेळेवर आला होता का, रेस्ट मिळाली होती का. आणि एका सिस्टरच्या बाबतीत आम्हीच प्रशासन झालो. दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेणारे पत्र दिले. तरी नोटीस फाइल व्हायला दोन महिने लागले. ते दोन महिने ती ड्यूटी करीतच होती. आजही ती समोर आली की आमची मान खाली जाते. म्हणून हा विषय.

आता त्या काळात झोप का उडाली ते पाहू.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजवल्या. २५ मार्चपासून सारे बंद झाले. प्रवासी गाड्या थांबल्या, पण मालगाड्या चालू राहिल्या. गँगमन लाइनवर होता, पोस्टमन औषधांची पार्सले आणि म्हाताऱ्या माणसांची पेन्शन घेऊन दारोदार फिरत होता. पुढे १९ एप्रिल २०२१ ला रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण टँकर पोचल्यावर त्यातला ऑक्सिजन माणसाच्या नाकापर्यंत नेणारा हात सिस्टरचा, ब्रदरचा, वॉर्डबॉयचा होता. गाडीच्या शेवटच्या टोकाला ती माणसे उभी होती.

त्यांची रात्र कशी होती ते त्यांच्याकडूनच आम्ही ऐकले. पीपीई कीट एकदा चढवले की सहा-सहा, आठ-आठ तास पाणी नाही आणि लघवीला जाणे नाही. आत घामाने अंग भिजलेले. रोज नवीन सूचना, नवीन औषध. पेशंटच्या नातेवाइकाला आत येता येत नाही, म्हणून शेवटचा निरोपही सिस्टरनेच फोनवरून द्यायचा. सकाळी ड्यूटी संपली तरी डोळा लागत नाही, कारण कानात यंत्राची टूंटूं चालू असते. आणि मनात एकच भीती, की आपण घरी हा रोग नेत तर नाही ना. कितीतरी जणी लॉजवर, हॉस्टेलवर राहिल्या. महिना-महिना मुलांना लांबून बघितले. ज्यांना घरी जाता आले त्यांचे हाल वेगळेच. नाइट करून आठ-नऊला घरी, अकराला नळाचे पाणी, मुलाची शाळा आईच्याच मोबाइलवर, सासऱ्याचा चहा, आणि झोप म्हणाल तर दुपारी दोन तास, तीही दाराची कडी वाजत असताना. काही जणींना तर शेजाऱ्यांनी आणि घरमालकांनी टाकले. मे २०२० मध्ये कोलकात्याच्या खासगी इस्पितळांतून मणिपूरच्या शेकडोवर परिचारिका नोकरी सोडून गावी परतल्या. त्यामागे एक कारण लोकांनी दिलेली ही वागणूकही होते.

हा आमचा अंदाज नाही. चीनमध्ये साथीच्या अगदी सुरुवातीला, २०२० च्या जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी, ३४ इस्पितळांतील १,२५७ डॉक्टर-परिचारिकांची पाहणी झाली. त्यांतल्या ३४ टक्के लोकांना निद्रानाशाची लक्षणे होती. जास्त त्रास होता तो परिचारिकांना, स्त्रियांना आणि प्रत्यक्ष रोग्यांजवळ काम करणाऱ्यांना. त्याच वर्षी अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या हिशेबात निद्रानाशाचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आले. म्हणजे दर पाच जणांत जवळजवळ दोघे. इतक्या माणसांची झोप एकदम उडते, तेव्हा तो त्या माणसांचा दोष नसतो. गाडीचा एक डबा हलला तर डबा तपासतात, सगळे डबे हलले तर रूळ तपासतात.

रूळ तपासायचा तर शरीराचा नियम माहीत हवा. आपल्या अंगात एक घड्याळ आहे. त्याची यंत्रणा शोधल्याबद्दल हॉल, रोसबाश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. ते घड्याळ उजेडावर चालते, रोस्टरवर नाही. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान ते शरीराला झोप म्हणून सांगते, मग तुम्ही लोकोत असा, सॉर्टिंगला असा की आय.सी.यू.त. दिवसा झोपायला गेलात तर तेच घड्याळ जागे हो म्हणते. म्हणून रात्रीची गेलेली झोप दिवसा पूर्ण भरून निघत नाही. ती उधारी वाढत जाते, आणि शरीर ती कधी वसूल करील याचा नेम नाही.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये एक मोजमाप प्रसिद्ध केले. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकाच मंद होतो. आपल्या मोटार कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. साइन ऑनला आपल्या ड्रायव्हरच्या तोंडाला नळी लावून दारू तपासतात. योग्यच आहे. पण शेवटची झोप किती तास झाली, हे मोजणारी नळी नाही. ते मोजायचे साधन एकच आणि ते म्हणजे ड्यूटीचे रजिस्टर. ते नीट ठेवायला आणि बघायला कुणी तयार नसते. आणि हा एका रात्रीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला कर्करोगाचे संभाव्य कारण म्हटले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच मत कायम ठेवले.

इथे एक दुखरी आठवण काढतो. ८ मे २०२० ची पहाट. जालन्याहून पायी निघालेले मजूर, आपल्या याच मध्य प्रदेशचे, करमाडजवळ रुळावर टेकले आणि झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. ड्रायव्हरने गाडी थांबवायचा प्रयत्न केला, पण गाडी थांबली नाही. त्या ड्रायव्हरची पुढची झोप कशी असेल, हे इथे बसलेल्या रनिंगवाल्यांना सांगायला नको. तेव्हा लोक विचारीत होते, "रुळावर कुणी झोपतं का?" बंधूंनो, रुळावर कुणी झोपत नाही. थकलेले शरीर जिथे कोसळते तिथे झोप येते. सिस्टर खुर्चीत का झोपली, हा प्रश्नही तसाच आहे आणि तो आम्ही विचारला होता.

मग यावर उपाय काय झाला? फुले टाकली. ३ मे २०२० ला इस्पितळांवर हेलिकॉप्टरमधून पाकळ्या पडल्या. आम्ही त्याला नावे ठेवत नाही, कौतुकाने माणसाला बरे वाटते. काही ठिकाणी योगाचे वर्ग झाले, ताण कसा घालवावा याची पत्रके वाटली. कुणी स्वतःच झोपेच्या गोळ्या घेऊ लागले. पण बारा तासांची रात्र आठ तासांची झाली नाही. जास्तीची माणसे आली ती कंत्राटी आणि लाट ओसरताच बऱ्याच जणांना घरी पाठवले. उलट त्याच काळात काही राज्यांनी कारखान्यांतही बारा तासांचा दिवस आणायचा घाट घातला. गुजरातची तशी अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. म्हणजे साथ आली की कामगाराची विश्रांती प्रथम कापायची, ही वृत्ती सगळीकडे सारखीच.

नियम नव्हते असे नाही. केंद्र सरकारच्या जून १९९२ च्या परिपत्रकात निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सामान्यतः १२ तासांपेक्षा आणि आठवड्याची ४८ तासांपेक्षा जास्त नसावी, असे लिहिले आहे. प्रत्यक्षात ३६-३६ तासांच्या ड्यूट्या चालतात. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात लांब ड्यूटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीला गेलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीवर काय प्रसंग ओढवला, ते साऱ्या देशाला माहीत आहे. साथ संपून वर्ष लोटले होते, तरी रात्री पाठ टेकायला सुरक्षित खोली नव्हती. परिचारिकांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७७ चा १४९ क्रमांकाचा करार आहे. कामाचे तास आणि साप्ताहिक विश्रांती यांबाबत परिचारिकांना निदान देशातल्या इतर कामगारांइतके तरी हक्क द्या, एवढेच तो म्हणतो. भारताने तो अजून मान्य केलेला नाही.

आता आपल्याकडे बघा. आपल्याला हे हक्क कुणी दान दिले नाहीत. जुलै १९४६ मध्ये टपाल-तारवाल्यांचा संप झाला. त्या वर्षी टपाल खात्याच्या तंट्यात न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी निवाडा दिला आणि पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, रेल्वे कामगारांच्या तासांवरही त्यांनीच निवाडा दिला. आज या मांडवात रेल्वे आणि टपाल शेजारी बसले आहेत, त्याला असा जुना आधार आहे. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको कामगारांनी लढून दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन घेतले. ८ मे १९७४ च्या संपात कामाचे तास ही प्रमुख मागणी होती. आम्ही तेव्हा पाळण्यातून नुकतेच बाहेर आलो होतो, पण ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्या कहाण्या ऐकत मोठे झालो. त्यातून आज रेल्वे कायदा १९८९ मध्ये कामाचे तास आणि विश्रांती यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. रात्री दहा ते सकाळी सहामधला एक तास आपल्या हिशेबात ७० मिनिटांचा धरला जातो. रात्रीचा तास दिवसापेक्षा जड असतो, हे सरकारने कागदावर मान्य केले आहे. ते अपुरे आहे. सलग दोनपेक्षा जास्त रात्री नकोत, ही लोको पायलटांची मागणी अजून लढतेच आहे. पण मागायला आपल्याकडे कागद आहे. सिस्टरकडे तो नव्हता.

आपल्याच रेल्वे इस्पितळांतल्या परिचारिका, ड्रेसर, आया, सफाईवाले आपले सभासद आहेत. त्यांची वर्गणी आपण घेतो. पण शाखेची मीटिंग आपण संध्याकाळी सहाला ठेवतो, जेव्हा त्यांची एक तुकडी ड्यूटीवर आणि दुसरी नाइटच्या तयारीत. म्हणून त्यांचे प्रश्न आपल्या ठरावांत येत नाहीत. आमच्या शाखेने आता दर तिसरी मीटिंग दुपारी आणि इस्पितळाच्या आवारात घ्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या मीटिंगला चार जणी आल्या. तिसरीला सतरा. त्या सिस्टरही आल्या होत्या. त्या बोलल्या नाहीत, पण शेवटपर्यंत बसल्या.

या अभ्यासवर्गाने पुढील मागण्या ठरावाच्या रूपाने महासंघाकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. इस्पितळातील रात्रपाळी आठ तासांची करावी. साथीच्या काळातही सलग रात्रींना मर्यादा असावी आणि ती लेखी असावी.

२. रात्रपाळीनंतर रेस्ट पूर्ण मिळाल्याशिवाय पुन्हा ड्यूटीवर बोलावू नये. क्वारंटाइनचे दिवस रेस्ट म्हणून धरू नयेत.

३. प्रत्येक इस्पितळात स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली असावी. आपल्याला रनिंग रूम असते, त्यांनाही हवी.

४. रात्रपाळीत आळीपाळीने अर्धा तास पाठ टेकायची नियमित मुभा असावी. विमानचालकांवर नासाने केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेही सावधपणा वाढल्याचे दिसले आहे. चोरून झोपण्यापेक्षा नियमाने झोपलेले रोग्यालाही सुरक्षित.

५. रजा राखीव जागा भराव्यात. साथ आल्यावर माणसे शोधायची नसतात, ती आधीपासून असावी लागतात.

६. ड्यूटीवर झोप लागली म्हणून कुणावरही कारवाई करण्याआधी मागील चौदा दिवसांचे रोस्टर चौकशीत दाखल करणे बंधनकारक असावे. मग तो गेटमन असो, सॉर्टर असो की सिस्टर.

७. परिचारिकांबाबतचा १४९ क्रमांकाचा करार सरकारने मान्य करावा.

आणि काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, त्यांना ठराव लागत नाही. आपल्या क्वार्टरच्या लाइनीत कुणी नाइट करून झोपले असेल तर दुपारी तिथे लाउडस्पीकर नको. घरात बायको किंवा सून नाइटवरून आली असेल, तर अकराचे पाणी आपण भरू. तेवढ्याने युनियनचा माणूस लहान होत नाही. झोप येतच नसेल तर मित्राच्या सांगण्यावरून गोळी घेऊ नका, डॉक्टरला विचारा. आणि झोप नाही असे सांगायला लाजू नका. ताप आला तर आपण सांगतो, मग झोप गेली तर का लपवायचे?

५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण पुढची साथ केव्हा येईल हे कुणी रोस्टरवर लिहून ठेवलेले नाही. ती येईल तेव्हा गाड्या आपण चालवू, टपाल आपण पोचवू, आणि आजारी पडलो तर रात्री साडेतीनला आपल्या खाटेजवळ कुणीतरी बसलेले असेल. ते माणूस पुरेसे झोपून आलेले असावे, ही मागणी त्याच्यासाठी आहे तशी आपल्यासाठीही आहे.

मागच्या रांगेतल्या मित्रांना आता उठवायला हरकत नाही. ठरावाला हात वर करायचे आहेत.

रेल्वे, टपाल आणि इस्पितळ कामगारांच्या एकजुटीचा विजय असो!